चांगली बातमी आठवडाभर थांबवली तर काय बिघडतं?

मार्च २०२०. एकेका देशात लॉकडाऊन लागत होता. टीव्हीवर मृतांचे आकडे होते आणि मोबाइलवर त्याहून भीतिदायक फॉरवर्ड. अशात जॉन क्रासिन्स्की या अमेरिकन अभिनेत्यानं ट्विटरवर लोकांना एक साधी विनंती केली: तुमच्याकडे एखादी चांगली बातमी असेल तर पाठवा.

'द ऑफिस' मालिकेतला जिम म्हणजे हाच क्रासिन्स्की. लोकांनी पाठवलेल्या गोष्टी गोळा करून त्यानं २९ मार्चला घरातूनच 'सम गुड न्यूज' नावाचा कार्यक्रम यूट्यूबवर टाकला. कोट घालून टेबलामागे बसलेला निवेदक, मागे मुलींनी रंगवलेला बोर्ड, थाट सगळा बातमीपत्राचा. फक्त बातम्या चांगल्या. केमोथेरपी संपवून घरी येणाऱ्या मुलीचं स्वागत करायला रस्त्यावर उभे राहिलेले शेजारी, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी वाजणाऱ्या टाळ्या, असं सगळं.

लोकांनी तो अक्षरशः डोक्यावर घेतला. साधारण आठवड्याला एक याप्रमाणे १७ मेपर्यंत आठ भाग झाले. मग त्याच महिन्यात कार्यक्रमाचे हक्क व्हायकॉमसीबीएस या बड्या माध्यम कंपनीला विकल्याची बातमी आली आणि चाहते नाराज झाले. लोकांनी फुकट, मनापासून पाठवलेल्या गोष्टींचे आता पैसे होणार, असा त्यांचा सूर होता.

आठवड्यातून एकदा इंटरनेटवरच्या चांगल्या गोष्टी वेचून लोकांपुढे ठेवायच्या, ही कल्पना क्रासिन्स्कीची नव्हती. अमेरिकेत गुड न्यूज नेटवर्क ही वेबसाइट १९९७ पासून चांगल्या बातम्या देतेय. आपल्याकडे बेंगळुरूमध्ये २००८ साली सुरू झालेली 'द बेटर इंडिया' हेच काम करते. आता तर इन्स्टाग्रामवर 'या आठवड्यातल्या पाच चांगल्या गोष्टी' सांगणारी पेजेस आहेत आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवारी सकाळी न चुकता काहीतरी गोड टाकणारे काकाही आहेत.

पण यातून दोन प्रश्न उभे राहतात. लोकांना चांगल्या बातम्या खरंच हव्या असतात का? आणि हव्या असतील, तर त्या शेअर करताना आपण वाईट बातमीइतके सावध का नसतो?

क्लिक एकट्यानं होतं, शेअर चारचौघांत

वाईट बातमी जास्त चालते, असं पत्रकारितेत कायम म्हटलं जातं. त्याला आधारही आहे.

२०१२ मध्ये अमेरिकेत अपवर्दी नावाची वेबसाइट सुरू झाली. उद्देशच हा, की चांगल्या आणि महत्त्वाच्या गोष्टी व्हायरल करायच्या. त्यासाठी ही साइट एकाच मजकुराला वेगवेगळे मथळे देऊन कोणता जास्त चालतो ते तपासायची. पुढे संशोधकांनी असे सुमारे १ लाख ५ हजार मथळे अभ्यासले. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेविअर' या नियतकालिकात आले. साधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला, की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. सकारात्मक शब्दांनी ते उलट घटत होतं. म्हणजे चांगल्या गोष्टी दाखवायला निघालेल्या साइटवरही लोकांचं बोट वाईट शब्दाकडेच वळत होतं.

आता दुसरा अभ्यास बघा. जोना बर्गर आणि कॅथरिन मिल्कमन या संशोधकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जवळपास ७ हजार लेखांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांचा प्रश्न वेगळा होता: वाचक कोणते लेख इतरांना ईमेलनं पाठवतात? उत्तर आलं, की नकारात्मक लेखांपेक्षा सकारात्मक लेख जास्त पाठवले जातात. थक्क करणारे लेख लोक भरपूर पाठवत होते. राग आणणारे आणि काळजी वाढवणारेही पाठवत होते. नुसतं उदास करणारे लेख मात्र मागे पडत होते.

दोन्ही अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण मोजलं काय ते पाहिलं तर कोडं बरंचसं सुटतं. पहिल्यात क्लिक मोजले, दुसऱ्यात पाठवणं. क्लिक आपण एकट्यानं करतो, कुणी बघत नसतं. शेअर मात्र चारचौघांत होतं, त्याखाली आपलं नाव असतं. आपण पाठवलेल्या गोष्टीवरून लोक आपल्याला जोखणार, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे रात्री अंथरुणात अपघाताची बातमी वाचणारा माणूस सकाळी ग्रुपवर सूर्योदय आणि सुविचार पाठवतो.

भारतात तर हे सूर्योदय इतके झाले, की २०१८ च्या जानेवारीत 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं त्यावर बातमी केली. भारतीयांचे फोन सारखे भरून का जातात याचा शोध गूगलच्या लोकांनी घेतला, तेव्हा एक मोठं कारण सापडलं: गुड मॉर्निंगचे फोटो.

आनंद झाला की शंका येत नाही

वाईट फॉरवर्ड माणसाचा जीव घेऊ शकतो, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावानं पाच जणांना ठार केलं. तेव्हा देशभर मुलं पळवल्याच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून फिरून आलेले मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील, असा नियम आला. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीनं सांगितलं.

भीती घालणारा मेसेज आला की 'हे खरं आहे का?' असं निदान काही जण तरी आता विचारतात. चांगल्या मेसेजच्या बाबतीत हा प्रश्न क्वचितच येतो. खरं नसलं तरी कुणाचं काय बिघडणार, असा आपला हिशेब असतो. त्यामुळे काही गोड खोट्या गोष्टी वर्षानुवर्षं फिरत राहतात.

युनेस्कोनं 'जन गण मन'ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा मेसेज आठवत असेल. युनेस्कोनं असं काही जाहीर केलेलं नाही, हे त्या संस्थेनं स्वतः सांगूनही तो थांबलेला नाही.

दुसरी गोष्ट 'नासानं टिपलेल्या दिवाळीच्या फोटो'ची. रंगीबेरंगी दिव्यांनी झगमगणारा भारत त्यात दिसतो. मुळात तो एका रात्रीचा फोटोच नाही. भारतातली लोकसंख्या कशी वाढत गेली हे दाखवण्यासाठी अमेरिकेच्या 'नोआ' या हवामानविषयक संस्थेतल्या शास्त्रज्ञानं उपग्रहांच्या माहितीवरून ते चित्र तयार केलं होतं. वेगवेगळ्या वर्षांत नव्यानं दिसू लागलेल्या दिव्यांना त्यात वेगवेगळे रंग दिलेत. नासानं २०१२ च्या दिवाळीत भारताचं खरं उपग्रहचित्र प्रसिद्ध केलं आणि सोबत सांगितलं, की दिवाळीमुळे वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो वेगळा जाणवत नाही.

लॉकडाऊनमध्ये तर अशा गोष्टींचा पूर आला. एप्रिल २०२० मध्ये रतन टाटांच्या नावानं एक मेसेज फिरला. अर्थव्यवस्था बुडेल म्हणणाऱ्या तज्ज्ञांना माणसाच्या जिद्दीची ताकद कळत नाही, अशा अर्थाचा. मजकूर धीर देणारा होता. पण ११ एप्रिलला टाटांनी स्वतः जाहीर केलं, की हे मी म्हटलेलंही नाही आणि लिहिलेलंही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं तपासून बघत जा. आपल्याकडे पुलं, वपु आणि नाना पाटेकर यांच्या नावावर काय काय खपवलं जातं, हे मराठी ग्रुपमध्ये असणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

त्याच्या आधी, मार्चच्या मध्यात, व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन परतल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. २० मार्चला 'नॅशनल जिऑग्राफिक'नं त्याचा उलगडा केला. व्हिडिओ शेकडो किलोमीटर दूर असलेल्या सार्डिनिया बेटावरच्या बंदरातला होता. सोबत फिरणारे हंसांचे फोटो व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावरचे होते, पण तिथे हंस नेहमीच दिसतात.

म्हणजे व्हिडिओ पसरला आणि काही दिवसांतच खरं-खोटं झालं. सोमवारी पाहिलेली गोष्ट रविवारपर्यंत बाजूला ठेवणाऱ्या माणसाच्या यादीतून हे डॉल्फिन आपोआप गळाले असते.

पण यात कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं. पहिला भुर्दंड व्हिडिओतल्या माणसाला बसू शकतो, आणि तेही व्हिडिओ पूर्ण खरा असताना.

ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीतल्या मालवीय नगरच्या 'बाबा का ढाबा'चा व्हिडिओ व्हायरल झाला. गिऱ्हाईक नाही म्हणून रडणारे वृद्ध ढाबाचालक देशानं पाहिले. दुसऱ्याच दिवशी ढाब्यापुढे रांग लागली, देणग्याही आल्या. 'सोशल मीडियाची ताकद' म्हणून ही गोष्ट पुन्हा शेअर झाली. बहुतेकांसाठी ती तिथेच संपली.

प्रत्यक्षात महिना संपायच्या आत देणगीच्या पैशांवरून ढाबाचालक आणि व्हिडिओ करणारा यूट्यूबर यांच्यात वाद झाला आणि तो पोलिसांपर्यंत गेला. यूट्यूबरनं आरोप फेटाळले. डिसेंबरमध्ये नवं रेस्टॉरंट उघडलं, पण खर्च भागेना म्हणून काही महिन्यांतच बंद पडलं. हे कुटुंब पुन्हा जुन्या टपरीवर आलं. २०२१ मध्ये दोघांत समेट झाला. पहिल्या दिवशीचे अश्रू कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचले होते. नंतरचा हिशेब, तक्रार आणि भाड्याचं ओझं मात्र त्या कुटुंबानंच निस्तरलं.

इथे मदत करणारे चुकले असं म्हणता येत नाही. पण एका दिवसाची गर्दी आणि रोजचं गिऱ्हाईक यात फरक असतो. व्हिडिओ गर्दी आणतो. गिऱ्हाईक टिकवायला जागा, भांडवल, हिशेब आणि सवय लागते. शेअर करताना हा दुसरा भाग आपल्याला दिसतच नाही.

दुसरं नुकसान अधिक सावकाश होतं. सुंदर फोटो मूळ प्रश्न झाकून टाकतो. एप्रिल २०२० मध्ये नवी मुंबईच्या पाणथळ जागेत उतरलेल्या हजारो गुलाबी फ्लेमिंगोंचे फोटो जगभर गेले. फोटो खरे होते. त्याखाली लिहिलेलं मात्र बऱ्याचदा असं होतं, की माणूस घरात बसला आणि निसर्ग परत आला. वास्तविक फ्लेमिंगो कित्येक वर्षांपासून हिवाळ्यात मुंबईच्या खाड्यांवर येतात आणि पावसाळ्याच्या आधी परततात. म्हणूनच २०१५ मध्ये ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली.

फ्लेमिंगो येतात ते खाडीतल्या चिखलात त्यांचं खाणं असतं म्हणून. हा चिखल आणि भोवतीची पाणथळ जागा टिकली तर ते येणार. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात फ्लेमिंगो मरू लागले, तेव्हा भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्याची तक्रार पर्यावरण कार्यकर्ते करत होते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेत ३० हून अधिक फ्लेमिंगो मेले. 'माणूस दूर गेला की पक्षी आपोआप येतात' हीच गोष्ट डोक्यात बसली असेल, तर पाण्याचे मार्ग उघडे ठेवण्यासाठी कुणाला तरी भांडावं लागतं, हे लक्षात येत नाही.

मग गोड बातम्यांनी खरंच बरं वाटतं का?

ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ कॅथरिन ब्युकॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोनाच्या काळात हे तपासलं. काही लोकांना दोन ते चार मिनिटं कोरोनाच्या बातम्या दाखवल्या, काहींना कोरोनाच्याच काळातल्या माणुसकीच्या गोष्टी. कोरोनाच्या बातम्या पाहणाऱ्यांचा मूड तेवढ्या वेळातही खालावला. माणुसकीच्या गोष्टी पाहणाऱ्यांचा खालावला नाही. मात्र तो वधारलाही नाही.

२०२३ मध्ये ब्युकॅनन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांचा आणखी एक अभ्यास आला. त्यात लोकांना आधी हल्ल्यासारखी वाईट बातमी दाखवली आणि नंतर कुणीतरी कुणासाठी केलेल्या चांगल्या कामाची. फक्त वाईट बातमी पाहणाऱ्यांपेक्षा या लोकांना कमी उदास वाटलं, आणि माणसांच्या चांगुलपणावरचा त्यांचा विश्वास जास्त टिकला. नुसत्या गमतीदार गोष्टींचा परिणाम इतका झाला नाही.

म्हणजे वाईट बातमी टाळून फक्त गोड पाहत राहिल्यानं फार काही साधत नाही. वाईटाच्या जोडीला, त्याच जगात कुणीतरी काहीतरी करतंय हे दिसलं, तर आधार वाटतो. आणि आधार द्यायचा तर गोष्ट खरी असायला हवी. धीर देणारा मेसेज खोटा निघाला की पुढचा खराही संशयानं वाचला जातो.

ज्यांचा व्हिडिओ होत नाही अशा चांगल्या बातम्या

काही मोठ्या चांगल्या गोष्टी शेअर होत नाहीत, कारण त्या एका दिवशी घडत नाहीत. 'अवर वर्ल्ड इन डेटा'चे संस्थापक मॅक्स रोझर याचं एक उदाहरण देतात. १९९० नंतरची २५ वर्षं, रोज वर्तमानपत्रात असा मथळा देता आला असता, की कालपासून जगातल्या अतिगरीब लोकांची संख्या १ लाख ३७ हजारांनी घटली. तो एकदाही आला नाही, कारण रोज तेच घडत असेल तर ती बातमी कशी होणार?

नारूचंही तसंच. हातापायातून लांबलचक जंत बाहेर येणारा हा रोग महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीनं पाहिला आहे. १९८६ मध्ये जगात त्याचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये सगळ्या जगात १५ नोंदले गेले. भारत २००० सालीच नारूमुक्त जाहीर झाला. यासाठी लस नव्हती, औषध नव्हतं. पाणी गाळून पिणं, पायऱ्यांच्या विहिरी सुधारणं आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणं, एवढ्यावर हे झालं.

महाराष्ट्रात अशा गोष्टीचा व्हिडिओ होणारं उदाहरण शोधायचं तर वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात समुद्राकडे तुरुतुरु निघालेली ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दरवर्षी सोशल मीडियावर दिसतात. त्यामागची गोष्ट अशी: पूर्वी इथली अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी उकरून नेली जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन काम सुरू केलं. घरटं सापडलं की अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणात पुरायची, पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक गावात, लोकांच्या घरी राहू लागले आणि कासव वाचवण्यातून गावाला चार पैसे मिळू लागले. पिल्लांच्या रीलखाली या चार ओळी लिहिल्या, तर बघणाऱ्याला 'किती गोड' यापलीकडे 'हे आपल्या गावात करता येईल का' असंही सुचू शकतं.

शेअर करण्याआधी काय बघाल?

दर आठवड्याला चांगलं काही निवडून पाठवणाऱ्यांसाठी चार प्रश्न पुरेसे आहेत.

एक, हे कुठे आणि कधी घडलं? गाव आणि तारीख नसलेली गोष्ट बाजूला ठेवा. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे आला होता ते बघा.

दोन, हे कुणी सांगितलं? मोठ्या माणसाचं वाक्य असेल तर ते कुठल्या भाषणात, पुस्तकात किंवा मुलाखतीत आहे ते शोधा. सापडलं नाही तर वाक्य पाठवा, नाव काढून टाका.

तीन, हे कसं जमलं? कुणी पैसे दिले, कुणी राबलं, किती वर्षं लागली, हे दोन ओळींत सांगता आलं तर गोष्ट कामाची.

चार, व्हिडिओतल्या माणसाची परवानगी आहे का, आणि त्याचं पुढे काय झालं? मदतीचं आवाहन असेल तर पैसे कुणाच्या खात्यात जातात ते आधी बघा. महिन्यानं पुन्हा चौकशी करून तेही ग्रुपवर सांगा.

एवढं करायला एका दिवसाची घाई पुरत नाही, आठवडा पुरतो. पोलिओचंच बघा. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला. तो शेवटचा आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतरही घरोघरी डोस देणं, नमुने तपासणं सुरूच राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह सगळा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला तो २७ मार्च २०१४ ला. ही चांगली बातमी पक्की व्हायला तीन वर्षं लागली. रविवारचा फॉरवर्ड आठवडाभर थांबला, तर फारसं काही बिघडणार नाही.